अडकमोलांच्या घराची मोजणी

शनिवारी दुपारी प्रेमराजभाऊ अडकमोल यांनी स्वतःच्याच हॉलमध्ये फक्कीची पांढरी रेघ ओढायला घेतली, तेव्हा कोकिळाबाई आत गॅसवर वांगी भाजत होत्या. टेपचं एक टोक दाराच्या चौकटीत अडकवलेलं, दुसरं प्रेमराजभाऊंच्या हातात आणि पेन्सिल तोंडात. धुळ्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक म्हणून त्यांनी सगळी नोकरी लोकांची शेतं मोजण्यात काढली होती. सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन बांधावर उभे असतानाही त्यांची रेघ कधी वाकडी गेली नव्हती. आज मात्र झोपाळ्याखाली आल्यावर ती जराशी थरथरली.

"हे काय चाललंय?" चिमट्यात वांगं तसंच धरून कोकिळाबाई बाहेर आल्या.

"मोजणी."

"कोणाची?"

"आपली."

"अर्ज कोणी केला होता?"

"अर्जाचं नंतर बघू. हे बघ, इकडचं माझं, तिकडचं तुझं. स्वयंपाकघर तुझ्याकडे येतंय. बाहेरचा नळ माझ्याकडे."

"आणि झोपाळा?"

प्रेमराजभाऊंनी पेन्सिल कानावर खोचली, झोपाळ्याकडे पाहिलं, मग कोकिळाबाईंकडे. "झोपाळा सामाईक," ते म्हणाले. समोरच्या भिंतीवर बुद्धमूर्तीचा कोनाडा होता आणि बाबासाहेबांचा फोटो होता. त्या भिंतीवर रेघ चढवायची त्यांची छाती झाली नाही, म्हणून तीही सामाईक.

हे असं का झालं ते समजायचं तर या नवरा-बायकोचा संसार आधी समजून घ्यायला हवा. कोकिळाबाई चोपड्याच्या ग्रामीण रुग्णालयात परिचारिका. प्रेमराजभाऊ धुळ्याला. लग्न झालं तेव्हा दोघंही नोकरीत होते आणि दोन-तीन वर्षांत बदली होऊन एका गावात येऊ, अशी दोघांची पक्की खात्री होती. सरकारदरबारी अशा बदलीला 'पती-पत्नी एकत्रीकरण' असं भारदस्त नाव आहे. त्याचे अर्ज दोघांनी इतके केले की प्रेमराजभाऊंना मजकूर पाठ झाला होता. कधी पद रिक्त नसायचं, कधी साहेब नवीन असायचे. एकदा तर दोघांचेही अर्ज एकाच वेळी मंजूर झाले. कोकिळाबाई सामान घेऊन धुळ्याला गेल्या आणि त्याच आठवड्यात प्रेमराजभाऊ चोपड्याला रुजू झाले. ती भानगड निस्तरायला पुढं दीड वर्ष गेलं आणि शेवटी दोघंही आपापल्या जुन्या जागी परतले.

तेव्हापासून त्यांनी अर्जाचा नाद सोडला. दोघांच्याही गावाहून जळगावला थेट एसटी होती, म्हणून तिथल्या मेहरूण भागात तलावाच्या अंगाला दोन खोल्या, हॉल आणि स्वयंपाकघर असं घर बांधलं. शनिवारी दोन एसट्या दोन दिशांनी यायच्या आणि सोमवारी पहाटे दोन दिशांना जायच्या. मुलगा प्रशील आजोळी वाढला आणि नोकरीला पुण्याला गेला. एवढ्या वर्षांत नवरा-बायकोला मनसोक्त भांडायलाही सवड मिळाली नव्हती, कारण रविवार संध्याकाळपर्यंत भांडण रंगात यायचं आणि डबे भरायची वेळ व्हायची.

पण आता सुटका जवळ आली होती. दोघंही एकतीस मेला, एकाच दिवशी निवृत्त होणार होते. शाळेत नाव घालताना प्रेमराजभाऊंची जन्मतारीख गुरुजींनी अंदाजे एक जून टाकली होती, तशी त्या पिढीतल्या अर्ध्या खानदेशाची टाकली होती. कोकिळाबाई खऱ्या दोन वर्षांनी लहान. पण त्यांचे वडील झिपरूबाबा गुरुजींना म्हणाले होते, "तुमले जे वाटी ते लिखा," आणि गुरुजींना तेच वाटलं. त्यामुळं सरकारच्या लेखी दोघं एकाच दिवशी जन्मले होते. कोकिळाबाईंनी हौसेनं हॉलमध्ये झोपाळा टांगून घेतला होता, दोघांना बसता येईल एवढा रुंद. अजून त्यावर फक्त वाळलेले कपडे बसत होते. एक जूनची सकाळ या झोपाळ्यावर, हातात चहा, आणि कुठलीही बस पकडायची नाही, एवढंच त्यांनी आयुष्याकडं मागितलं होतं.

आणि मग मंगळवारी धुळ्याच्या बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर रतिलाल भेटला. रतिलाल पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेला कारकून. नोकरीत असताना त्याला कोणी काही विचारत नसे, म्हणून आता तो न विचारता सांगत असे.

"एका घरात दोन पेन्शन?" रतिलालनं बशीत चहा ओतला. "भाऊ, सरकार काय येडं शे का?"

"का? नोकरी दोघांनी केली ना."

"केली असेल. माझा भुसावळचा साडू आणि साळी, दोघंही सरकारी. एका छताखाली राहत होते. एकाचं बंद केलं सरकारनं."

"काय बंद केलं?"

"मिळत होतं ते."

"पेन्शन?"

"अरे मग अजून काय मिळतं माणसाला? आणि ऐक. उद्या तू गेलास, वाईट वाटून घेऊ नको, तर वहिनीला तुझ्या पेन्शनमधलं काही मिळणार नाही. त्यांची स्वतःची शे ना!"

"मग उपाय?"

"वेगळं राहायचं. वेगळं दार, वेगळी चूल. सरकार चूल बघतं."

पहिल्या मुद्द्यावर प्रेमराजभाऊ कदाचित हसले असते, पण दुसऱ्यावर त्यांचा चहा थंड झाला. त्यांचे थोरले भाऊ निवृत्तीनंतर वर्षभरात गेले होते, आणि वहिनीची परवड प्रेमराजभाऊंनी डोळ्यांनी पाहिली होती. आपल्यामागं कोकिळेला कोणापुढं हात पसरावा लागू नये, ही एकच गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली होती. ती त्यांनी तिला कधी सांगितली नव्हती. असली बोलणी शनिवारी करावीत तर सुट्टी नासते, आणि रविवारी करावीत तर वेळ नसतो.

त्यांनी फोनवर फक्त नियम सांगितला. कोकिळाबाई म्हणाल्या, "काहीतरीच. माझी पेन्शन माझ्या नोकरीची, तुमची तुमच्या. आधी तुमच्या ऑफिसात विचारा." पण ऑफिसात विचारणं प्रेमराजभाऊंना कमीपणाचं वाटलं. चतुःसीमेचा माणूस मी, मला नियम कोण शिकवणार? शिवाय विचारलं म्हणजे आपण एकत्र राहतो हे आपणच सांगितल्यासारखं होणार होतं.

तर अशी ही रेघ.

"बरं," कोकिळाबाई म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता, आणि तिथंच प्रेमराजभाऊंनी सावध व्हायला हवं होतं. "वेगळं म्हणजे वेगळं." त्या आत गेल्या. थोड्या वेळानं भरताचा, मिरचीचा आणि शेंगदाण्यांच्या फोडणीचा वास रेघ न जुमानता हॉलभर पसरला. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्याचा आवाज आला. प्रेमराजभाऊ आपल्या हद्दीत खुर्ची टाकून बसून राहिले.

"जेवायचं का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"मी जेवतेय," आतून उत्तर आलं.

"मग माझं?"

"तुमची चूल कुठाय? सरकार चूल बघतं ना?"

प्रेमराजभाऊंनी त्या दिवशी बाहेरच्या नळावर हात धुऊन कोपऱ्यावरची भजी खाल्ली. रविवारी त्यांनी शेजारून छोटी शेगडी आणून स्वतः भरीत करायचा प्रयत्न केला. वांगं वरून कोळसा आणि आतून कच्चं राहिलं. कोकिळाबाई रेघेपलीकडं लसूण सोलत बसल्या होत्या. त्या सगळं बघत होत्या. आयुष्यभर लोकांच्या जखमा बांधणाऱ्या या बाईनं नवऱ्याच्या भाजलेल्या बोटाला मलमसुद्धा रेघेवरूनच सरकवलं.

रविवारी दुपारीच प्रेमराजभाऊंनी गल्लीतल्या अमीनमिस्त्रीला बोलावून पश्चिमेच्या भिंतीत दुसरं दार पाडायला सांगितलं.

"भाऊ, दरवाजा तर आहे ना एक?" अमीननं भिंतीवर हात फिरवला. "दुसरा कशाला?"

"वेगळा हवाय. माझ्यासाठी."

"आणि भाभी?"

"ती जुन्या दारानं जाईल. सरकारी काम आहे, अमीन. जास्त विचारू नको."

अमीन खाली बसला, रेघेकडं पाहिलं, शेगडीकडं पाहिलं, जळक्या वांग्याकडं पाहिलं. "या वयात, भाऊ..." तो एवढंच म्हणाला आणि छिन्नी काढली. संध्याकाळपर्यंत त्याच्या बायकोला, जरीनाला, कळलं होतं. दुसऱ्या दिवशी गल्लीला कळलं. आणि चोपड्याकडच्या केळीच्या गाड्या मेहरूणवरून जात नसल्या, तरी बातमी बरोबर तिकडं पोचली. बुधवारी प्रशीलचा पुण्याहून फोन आला.

"पप्पा, मी लहान नाहीये. खरं सांगा. दुसरं कोणी आहे का?"

"दुसरी पेन्शन आहे!" प्रेमराजभाऊ ओरडले.

"म्हणजे तिला पेन्शनपण आहे?" प्रशीलनं विचारलं, आणि मग बराच वेळ दोघंही कपाळाला हात लावून बसले.

पुढच्या रविवारी झुंबरबाई आल्या. झुंबरबाई म्हणजे प्रेमराजभाऊंची थोरली बहीण, चोपड्याजवळच्या खेड्यात राहणारी. सगळे तिला अक्का म्हणत. नवीन दाराचं भगदाड तोवर अर्धं पडलं होतं आणि त्यावर गोणपाट लावला होता. अक्का त्या भगदाडातूनच आत शिरल्या.

"काय रे प्रेमराज, तू कोकिळाले सोडी दिधं म्हने?"

"अक्का, सोडलं-बिडलं काही नाही. हे नुसतं कागदोपत्री आहे."

"कागद माले दखाडू नको. हाई रेघ काय शे?"

"हद्द."

अक्कांनी चप्पल काढली आणि पायानं फरशीवरची हद्द हातभर पुसून टाकली. "हाई ले तुन्ही हद्द," असं म्हणून त्या झोपाळ्यावर बसल्या. "आते सांग. पोरीना काय गुन्हा शे?"

प्रेमराजभाऊंनी सगळं सांगितलं. रतिलाल, साडू, चूल, छत. अक्कांना त्यातलं निम्मंच समजलं. पण आपला भाऊ बावळट आहे हे त्यांना पूर्वीपासून माहीत होतं, आणि बाईच्या भानगडीपेक्षा बावळटपणा बरा, म्हणून त्यांनी सुस्कारा सोडला. तेवढ्यात कोकिळाबाई चहा घेऊन बाहेर आल्या. एक कप अक्कांना दिला. दुसरा हातातच धरून उभ्या राहिल्या.

"अक्का, तीस वर्षं सरकारनं वेगळं ठेवलं, तेव्हा मी सरकारला बोलत होते," त्या म्हणाल्या. "आता हेच ठेवतायत. मी कोणाला बोलू?"

झोपाळ्याची कडी कुरकुरायची थांबली. अक्कांनी पदर डोळ्यांना लावला. जे इतकी वर्षं सांगितलं नव्हतं ते प्रेमराजभाऊंच्या तोंडून भलत्याच वेळी बाहेर पडलं.

"मी तुझ्यासाठीच करतोय. माझ्यामागं तुझं काही कमी होऊ नये."

"तुमच्यामागं?" कोकिळाबाईंनी कप रेघेच्या बरोबर वर, पुसलेल्या जागी, खाली ठेवला. "आधी तुमच्यासोबत तर राहू द्या."

यावर माणसानं रेघ पुसून टाकायला हवी होती. प्रेमराजभाऊंनाही तसं वाटलं. त्यांना रडूही आलं होतं. पण नियमाचा पगडा हाडापर्यंत गेलेला असला की तो डोळ्यांतल्या पाण्यानं धुतला जात नाही. त्यांनी सामाईक जागेवरचा तो चहा प्यायला, आणि अक्का भाकरी खायला आत गेल्यावर पुसलेला हातभर तुकडा फक्कीनं पुन्हा जोडून घेतला.

सोमवारी ते पेन्शनची कागदपत्रं घेऊन आपल्या कार्यालयातल्या आस्थापना शाखेत गेले. तिथं तनवीर बसतो. वयानं लहान, बोलण्यात फटकळ, आणि समोरच्याचं वाक्य कधी पूर्ण होऊ न देणारा.

"काका, फोटो चुकला. तुमचा एकट्याचाच आहे."

"मुद्दाम एकट्याचा आणलाय," प्रेमराजभाऊ दबक्या आवाजात म्हणाले.

तनवीरचा चेहरा पडला. "माफ करा काका. काकू कधी...?"

"काही झालेलं नाही तिला! चोपड्याला ड्यूटीवर आहे."

"मग घटस्फोट?"

"छे!"

"भांडण?"

"नाही रे. वेगळे राहतो. नियमासाठी."

"कुठल्या नियमासाठी?"

प्रेमराजभाऊंनी आजूबाजूला पाहून साडूची गोष्ट सांगितली. या वेळी मात्र तनवीरनं ती पूर्ण ऐकली आणि मग इतका हसला की पलीकडच्या टेबलावरचे दोघं उठून आले.

"काका, त्यांचा बंद झाला असेल तो घरभाडे भत्ता! दोघंही नोकरीत आणि सरकारी क्वार्टरमध्ये राहत असतील, म्हणून. त्याचा पेन्शनशी काय संबंध? तुमची पेन्शन तुमच्या नोकरीची, काकूंची त्यांच्या नोकरीची. एका घरात राहा, एका खोलीत राहा, एका ताटात जेवा. आणि दोघांतलं कोणी आधी गेलं, तर मागं राहील त्याला स्वतःची पेन्शन असतेच, वर कुटुंब निवृत्तिवेतनही मिळतं."

"म्हणजे तिला माझ्यामागं..."

"मिळेल. फक्त त्यासाठी दोघांचा एकत्र फोटो लागतो. शेजारी शेजारी बसून. जा, काढून आणा."

प्रेमराजभाऊ खुर्चीवरून उठले, पुढचं काही त्यांना ऐकूच आलं नाही. ज्या सरकारनं एवढी वर्षं एकत्रीकरणाचे अर्ज परत पाठवले, ते आज आपण होऊन दोघांना शेजारी बसायला सांगत होतं. आणि आपण काय करत होतो, तर हॉलमध्ये फक्की मारत होतो. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते स्टँडवर आले आणि अमळनेरवरून चोपड्याला जाणाऱ्या गाडीत चढले. सोमवारी, कामाच्या दिवशी, बायकोच्या गावी जाण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

रुग्णालयाच्या ओट्यावर त्यांना पाहून कोकिळाबाई हातातला ट्रे टाकून धावत आल्या. "काय झालं? छातीत दुखतंय का?"

"नाही. फोटो काढायचाय."

"कसला?"

"आपला. एकत्र. सरकारनं मागितलाय." मग त्यांनी धापा टाकत सगळं सांगितलं. भत्ता, क्वार्टर, तनवीर, कुटुंब निवृत्तिवेतन. कोकिळाबाई शांतपणे ऐकत होत्या. त्यांना कशाचंच नवल वाटलं नाही, तेव्हा प्रेमराजभाऊ थांबले.

"तुला माहीत होतं?"

"आमच्या ऑफिसनं मागच्याच महिन्यात मागितला एकत्र फोटो. तेव्हाच सगळं विचारून घेतलं होतं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"पहिल्या दिवशीच बोलले होते. तुम्ही रतिलालभाऊजींचं ऐकलंत. म्हटलं, आता फोटो मागायला रेघेपलीकडून आधी कोण येतंय ते बघू." त्यांनी टोपी सारखी केली, पण आवाज जरा ओला झाला होता. "म्हटलं, येतील की नाही."

"आलो," प्रेमराजभाऊ म्हणाले.

बाजारातल्या स्टुडिओत दोघं बाकावर बसले. लग्नानंतरचा हा पहिलाच जोडीचा फोटो. शेजारी बसायची सवयच नव्हती, त्यामुळं दोघंही आपापल्या टोकाला ताठ बसले.

"काका, मधे एवढा बांध कशाला सोडलाय?" फोटोवाला म्हणाला. "सरका जरा."

प्रेमराजभाऊ सरकले. कोकिळाबाई पुटपुटल्या, "फक्की आणलीय का? मारून घ्या मधे." प्रेमराजभाऊंना हसू फुटलं. ते त्यांच्याकडं वळले, त्या यांच्याकडं वळल्या, आणि नेमका तेव्हाच उजेड चमकला. तेवढ्यात अमीनमिस्त्रीचा फोन आला. दार पूर्ण करू की बुजवू, असं तो विचारत होता. कोकिळाबाईंनी फोन घेतला. "असू द्या ते दार, अमीनभाई. रतिलालभाऊजी घरी आले की ह्यांनी त्यांना त्या दारानं बाहेर घेऊन जायचं."

दुसऱ्या दिवशी प्रेमराजभाऊंनी मोठ्या ऐटीत फोटो तनवीरपुढं ठेवला. तनवीरनं तो उचलला, बराच वेळ पाहिला आणि परत केला.

"चालणार नाही, काका. दोघांनी समोर बघायला पाहिजे. तुम्ही तर एकमेकांकडंच बघताय, आणि हसताय वर. नामंजूर."

आयुष्यात प्रेमराजभाऊंचे इतके अर्ज नामंजूर झाले होते, पण त्याचा आनंद त्यांना आज पहिल्यांदाच झाला. फोटो त्यांनी खिशात जपून ठेवला. त्याची जागा मेहरूणच्या सामाईक भिंतीवर ठरून गेली होती. टपरीवरून रतिलालनं हाक मारली, "भाऊ, ऐक तर, जोडीच्या फोटोचं एक लफडं शे..." पण प्रेमराजभाऊ थांबले नाहीत. त्यांनी चालता चालताच फोन लावला.

"कोकिळा, फोटो परत आला. सरकार म्हणतंय, पुन्हा एकदा शेजारी बसा."

पलीकडं मागं कुठंतरी पेशंटला हाक मारल्याचा आवाज येत होता.

"मग?" कोकिळाबाईंनी विचारलं. "शनिवारपर्यंत थांबायचं का?"

"नाही," प्रेमराजभाऊ म्हणाले. "मी गाडीत चढतोय."